येताना बसतो

भिमाजी रोज सकाळी चपला हातात घेऊन शाहनवाजशेठच्या दिवाणखान्यातून जायचा. यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं आणि गावालाही नाही. रस्ताच तिथून होता.

गंगापूर रोड मागे पडला, लॉन्स आणि हॉटेलं संपली, की नदीच्या कडेनं एक गाडीवाट फुटते. पुढे एका अंगाला नदीची उभी दरड आहे, दुसऱ्या अंगाला काळ्या दगडाची टेकडी, आणि मध्ये जेमतेम एक खिंड. खिंडीपलीकडे भिमाजीचा मळा, गुलाबाचा आणि झेंडूचा. वाट फार जुनी. बंगला नंतरचा. पेस्तनजी नावाच्या मुंबईच्या एका शेटला या खिंडीतलं वारं आवडलं आणि उन्हाळ्यात राहायला त्यानं इथंच बंगला काढला. खिंड अरुंद, बंगला रुंद. वाटेला जागा उरेना. गाव म्हणालं, वाट मोडू देणार नाही. शेट म्हणाला, मग माझ्या घरातून जा! तो हे रागानं म्हणाला होता असं सांगतात. पण गावानं ते जसंच्या तसं ऐकलं, आणि शेट शब्दाला पक्का निघाला.

त्यामुळे बंगल्याचा दिवाणखाना पूर्व-पश्चिम आरपार आहे. दोन टोकांना दोन दारं, कडब्यानं भरलेली बैलगाडी आत यावी एवढी उंच. फरशीत चाकांसाठी काळ्या दगडाच्या दोन पट्ट्या, आणि त्यांच्यामध्ये रंगीत नक्षीच्या फरश्या, त्या बैलांसाठी. झुंबर कप्पीवर टांगलेलं. उंच गाडी आली की आलेल्यानंच दोरी ओढून झुंबर वर घ्यायचं आणि बाहेर पडताना खाली सोडायचं. भिंती हातभर नव्हे, चांगल्या दोन हात जाड. छपराच्या मधोमध आणखी एक लहान छप्पर, त्याला चारी बाजूंनी झडपा. आतली गरम हवा वर चढून तिथून निघून जाते आणि तिच्या जागी नदीकडची गार हवा खालून आत येते. वैशाखात बाहेर कपाळ तडकत असलं तरी दिवाणखान्यात माठाच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. दोन्ही भिंतींत, समोरासमोर, गुडघ्याइतक्या ओट्यांवर दोन मोठे कमानदार कोनाडे आहेत. ते कशासाठी ठेवले हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यांत कुणी दिवे ठेवले, कुणी पुतळे.

भिमाजीला वाट हवी होती आणि तो गारवाही हवा होता. पहाटे गुलाबाचा पहिला तोडा झाला की क्रेट दिवाणखान्यात भिंतीकडेला ठेवायचे. दुसरा तोडा होईपर्यंत मळ्यात ठेवल्या तर कळ्या उमलून जातात. इथं त्या घट्ट राहतात. मग तो आपला छोटा हत्ती टेम्पो दारापाशी आणायचा, ओल्या गोणपाटानं चाकं पुसायचा, इंजिन बंद करायचा, आणि बायको नवसाबाई मागून ढकलत टेम्पो आत घ्यायची. दिवाणखान्यातच क्रेट भरायचे आणि पलीकडच्या दारातून बाजाराला. भुरी म्हैससुद्धा इथूनच गायरानात जायची. दारातल्या गोणपाटावर ती स्वतःहून थांबायची, तिचे खूर पुसले की पुढे निघायची.

चपला हातात घ्यायची पद्धत पेस्तनजीच्या काळापासूनची. घरात चपला घालून जाणं बरं नाही आणि रस्त्यात चपला काढून ठेवणं शहाणपणाचं नाही. म्हणून हातात.

आणि एक नियम होता, तो फक्त भिमाजीच्या घराण्याचा. त्याचा बाप गेणू तो त्याला जेवताना सांगायचा, झोपताना सांगायचा.

“तिथं बसायचं नाय. काय वाट्टेल ते व्हवो. बसला तो पाव्हणा झाला. पाव्हण्याला ‘या’ म्हणत्यात, म्हंजे कव्हातरी ‘येऊ नका’ बी म्हणता येतं. चालणाऱ्याला कोण काय म्हणणार?”

म्हणून घरातलं कुणी “बसा” म्हणालं की म्हणायचं, “येताना बसतो.” परत येताना पुन्हा “बसा” म्हणालं की म्हणायचं, “जाताना बसलो होतो.” दोन्ही वाक्यं खोटी होती, आणि दोन्ही बाजूंना ते ठाऊक होतं. त्यामुळे कुणी कुणाला फसवत नव्हतं. पेस्तनजीची माणसं गेली, मग नुसते राखणदार राहिले, पण बोलणं तेच चालू राहिलं.

मग बंगला शाहनवाजनं घेतला.

शाहनवाजचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचं पॅकहाउस. माणूस मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा. त्याच्या वडिलांकडे भांडायला आलेला माणूससुद्धा आधी सरबत प्यायचा, आणि पिऊन झाल्यावर बहुतेक वेळा भांडण राहून जायचं. अशा घरात वाढलेला शाहनवाज पहिल्याच सकाळी हात पसरून पुढे आला.

“या, या भिमाजीभाऊ! बसा!”

“येताना बसतो,” भिमाजी म्हणाला आणि टेम्पो ढकलत निघून गेला.

शाहनवाजनं ते खरं धरलं. तो दुपारपर्यंत हलला नाही. चहा तीनदा गरम झाला. भिमाजी परत आला.

“बसा आता!”

“जाताना बसलो होतो.” भिमाजी पलीकडच्या दारातून गेला.

शाहनवाजनं बायकोला हाक मारली.

“सितारा, ते सकाळी बसले होते का?”

“मी आत होते. इथे तर तुम्हीच होता.”

“मी तर नाही पाहिलं.”

“मग नसतील बसले.”

“पण ते म्हणाले, बसलो होतो.”

सितारानं त्याच्याकडे पाहिलं आणि ती पुन्हा आत गेली.

शाहनवाजनं विचार केला. खुर्ची लाकडी होती, साधी. माणूस दिवसभर मळ्यात राबतो, त्याला लाकडी खुर्चीत कसं बसवणार? दुसऱ्या दिवशी वेताची खुर्ची आली. भिमाजी बसला नाही. मग आरामखुर्ची आली, मग गादी-तक्क्यांचा दिवाण, मग पितळी कड्यांचा झोपाळा. जुनं काही तो हलवू देईना. मांडलेलं आसन उचलणं म्हणजे बोलावणं परत घेणं, असं त्याचं म्हणणं.

“घरात माणसं तीन,” सितारा म्हणाली, “आणि बूड टेकायला एवढ्या जागा. लोकांना वाटेल आपण फर्निचरचं दुकान काढलं.”

“माझ्या घरातून माणूस रोज जातो आणि टेकत नाही. का टेकत नाही? आपल्या घरी बसायला त्याला काही वाटतं का?” शाहनवाजचा आवाज खाली आला. “दुसऱ्या घरात बसतो तो. मी विचारून आलो.”

तिकडे मळ्यात नवसाबाई रोज विचारायची, “आज काय मांडलंय?”

“झोपाळा.”

“आता काय लोंबकळत बसवतो का काय तुम्हाला?”

“वाट आवळायलाय तो. पद्धतशीर. खुर्चीला ठोकर लागत नव्हती, दिवाणाला टेम्पोचा आरसा घासतो. अन् वर ‘बसा, बसा’. बसलो की संपलंच.”

“गोड बोलतो मेला.”

“लय गोड. चहात विलायची घालतो. वास येतो ना.” भिमाजीनं आवंढा गिळला. “पण नाय बसायचं.”

भुरीला मात्र झोपाळा पसंत पडला. जाता-येता ती त्याला मान घासायची, आणि तो हलला की खूश व्हायची.

शेवटी सोफा आला. गंगापूर रोडवरच्या दुकानात एवढा मोठा सोफा दुसऱ्या कुणी घेतलाच नव्हता, कारण तो कुणाच्या दारातून आत जात नव्हता. या दारातून तो सहज आला. पण भिंतीकडेला खुर्च्या, दिवाण आणि झोपाळा असल्यामुळे ठेवायला जागा एकच उरली होती: मधोमध, दोन्ही दगडी पट्ट्यांवर आडवा.

शाहनवाजची मुलगी झेबा आर्किटेक्ट होती. बंगल्याची दुरुस्ती तिच्याकडे होती. ती भिमाजीला म्हणाली, “काका, आपण रोज उचलून बाजूला घेऊ.” सोफा उचलायला सहा माणसं लागायची. दोन दिवस ती मिळाली. तिसऱ्या दिवशी झेबा आणि शाहनवाज बाहेरगावी गेले होते, मजूर आले नव्हते, आणि सोफ्याच्या एका बाजूला टेम्पो उभा होता तर दुसऱ्या बाजूला बाजार. सोफ्यावरून पाय देऊन क्रेट न्यावेत, तर ती बसायची जागा; तिच्यावर पाय कसा द्यायचा? भिमाजी टेकडीला वळसा घालून गेला. बाजारात पोचला तेव्हा क्रेटमधले सगळे गुलाब पूर्ण उमलले होते. सुंदर दिसत होते. उमललेल्या गुलाबाला बाजारात कुणी हात लावत नाही.

भिमाजी तसाच कचेरीत गेला. बाहेर अर्ज लिहून देणारा बसतो, त्याला म्हणाला, “सोफा हटवा, असं लिहा.”

“सोफ्यासाठी साहेब येत नसतात,” तो म्हणाला. “काहीतरी वजनदार लिहायला पाहिजे.” आणि त्यानं लिहिलं की सदर बंगल्याने पूर्वापार वाट अडवली असून सदर अडथळा समूळ दूर करण्यात यावा. भिमाजीनं वाचलं. ‘समूळ’ हा शब्द त्याला फार आवडला. त्यानं सही केली.

शुभांगी मॅडम नायब तहसीलदार होत्या. वयानं लहान आणि कामाला कडक. पाहणीला येताना त्यांनी तलाठी भिकनरावांना गाडीतच बजावलं होतं, “दोन्ही पक्षांचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. कुणाच्या खुर्चीत बसायचं नाही.”

दिवाणखान्यात पाय टाकल्यावर त्यांनी पहिल्यांदा त्या सगळ्या आसनांकडे पाहिलं.

“इथे कार्यक्रम आहे का?”

“नाही मॅडम,” शाहनवाज म्हणाला. “हे सगळं यांच्यासाठी. बसा ना!”

“मी उभी बरी आहे.”

“हे बी असंच म्हणतात,” शाहनवाजनं भिमाजीकडे बोट दाखवलं. त्याच्या आवाजात रडवेपणा होता.

मॅडमनी काम सुरू केलं. मुद्दा एकच होता, त्या म्हणाल्या. ही जागा रस्ता आहे की खोली? भिकनरावांना लिहायला टेकू हवा होता. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यातली झेबाची कुंडी उचलून खाली ठेवली, ओट्यावर मांडी घातली आणि कागद उघडला.

“वर छप्पर आहे. झुंबर आहे. खोली,” मॅडम म्हणाल्या.

“झुंबर वर घेता येतं,” भिमाजी म्हणाला आणि त्यानं दोरी ओढून दाखवलं. “गाडीसाठी.”

“चाकांच्या खुणा आहेत. रस्ता. पण तुम्ही चपला काढल्यात. खोली.”

“काढल्यात, पण ठेवल्या नाय. हातात हायत.”

मॅडमनी कपाळ चोळलं. तेवढ्यात पूर्वेच्या दारात भुरी उभी राहिली, गोणपाटावर, चारी पाय नीट जुळवून. मागे नवसाबाई. झेबा सवयीनं पुढे झाली, खाली वाकली आणि तिचे खूर पुसायला लागली.

“हे काय चाललंय?”

“आत येतेय ना ती,” झेबा म्हणाली.

“म्हणजे घर आहे म्हणून पाय पुसता.”

“हो.”

“आणि म्हैस कुठे चाललीये?”

“गायरानात. रस्त्यानं.”

भुरी आत आली. सोफ्यापाशी तिची वाट संपली. तिनं सोफ्याचा वास घेतला, झोपाळ्याला एकदा मान घासली, नदीकडून येणारा गार वारा अंगावर घेतला, आणि मग पुढचे गुडघे मोडून, मोठा सुस्कारा सोडून, नक्षीच्या फरशीवर बसली.

“भुरे!” भिमाजी ओरडला. “ऊठ! ऊठ आधी! नवसे, उठव तिला!”

पण शाहनवाजचा चेहरा उजळला होता. “बसली! सितारा, बसली बघ! यांच्या घरचं कुणीतरी बसलं! अगं, पेंड आण, गूळ आण!”

“तिचं बसणं धरायचं नाय मॅडम,” भिमाजी काकुळतीला आला. “ती जनावर हाय. तिला घराण्याचा नियम माहीत नाय.”

मॅडम भुरीकडे पाहत होत्या. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी ठोस मिळालं होतं.

“भिकनराव, म्हशी कुठे बसतात?”

“रस्त्यात, मॅडम. तालुक्यात सगळीकडे. ऐन मधोमध.”

“दिवाणखान्यात?”

“माझ्या तरी बघण्यात नाही.”

“मग लिहा. रस्ता.”

पणजा, आजा, बाप, सगळे न बसता गेले, आणि आज वाट कागदावर आली. भिमाजीनं नवसाबाईकडे पाहिलं. नवसाबाईनं पदर तोंडाला लावला.

“आता अडथळा,” मॅडम अर्ज पाहत म्हणाल्या. “रस्त्यावरचं बांधकाम. दोन भिंती, छप्पर, वरचं छोटं छप्पर, दोन दारं. सगळं काढायला लावावं लागेल. अर्जात तसंच म्हटलंय. समूळ.”

वरच्या झडपांतून वारं जात होतं तेवढंच ऐकू येत होतं.

“मी सोफा म्हणलो व्हतो,” भिमाजी म्हणाला.

“अर्जात सोफा नाहीये.”

“पण छप्पर काढलं तर फुलं कुठं ठेवू? उन्हात? उन्हातली वाट घेऊन मी काय करू? वाट ह्याच्यासाठी पाहिजे,” आणि त्यानं हातानं वरपासून खालपर्यंत ती सगळी गार, उंच, अर्धवट उजेडाची जागा दाखवली. त्याच्या बापाच्या खांद्यावर बसून त्यानं ते झुंबर पहिल्यांदा पाहिलं होतं. “मग खोली लिहा.”

“खोली लिहिली तर तुमचा हक्क राहत नाही, काका. मग तुम्ही शेठच्या परवानगीनं येता-जाता. त्यांनी किंवा उद्या त्यांच्या नंतरच्यांनी नाही म्हटलं, तर बंद. पाहुणा म्हणून आलात तर पाहुणाच.”

“तेच म्हणत व्हता माझा बाप,” भिमाजी म्हणाला. “बसला तो पाव्हणा.”

शाहनवाजनं मान वर केली.

“एक मिनिट. म्हणजे तुम्ही याच्यासाठी बसत नव्हता?”

“मंग कशासाठी?”

“वाट जाईल म्हणून?”

“तुम्ही एकेक खुर्ची मांडत व्हता, ती वाट घालवायलाच ना?”

“अरे मेरे भाई!” शाहनवाजनं दोन्ही हात डोक्याला लावले. “मला वाटलं खुर्ची टोचते! मला वाटलं... काय काय वाटलं मला! माझ्या घरचा चहा चालत नाही असंसुद्धा वाटलं.”

“चहा?” भिमाजीचा आवाज चिरकला. “शेठ, त्या विलायचीच्या वासानं मी रोज मळ्यापर्यंत मागं बघत जातो.”

दोघांच्या मध्ये भुरी रवंथ करत होती.

“तुम्हाला एक काहीतरी सांगावं लागेल,” मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मघापेक्षा मऊ होता. “तुम्ही अर्जदार आहात. रस्ता की खोली?”

भिमाजीनं छपराकडे पाहिलं, भिंतीकडच्या क्रेटांकडे पाहिलं. त्यात पहिल्या तोड्याच्या कळ्या मिटून, गपगार पडल्या होत्या. वाट गेली तर निदान शेठच्या जिवात जीव असेपर्यंत जाता येईल. छप्पर गेलं तर कुणालाच काही उरणार नाही. तो सोफ्यापाशी गेला. पाठ फिरवली. चपला छातीशी धरल्या.

“बाबा, माफ कर,” तो पुटपुटला आणि गुडघ्यात वाकला.

“बसू नका!” शाहनवाज ओरडला.

इतके महिने ज्यानं बसा-बसा म्हणून घसा कोरडा केला, तोच आता धावत येत होता. त्यानं भिमाजीच्या दोन्ही दंडांना धरलं. “खबरदार बसलात तर! माझ्यामुळे तुमच्या चार पिढ्यांचं वाया जाणार? उभे राहा! उभे राहा भिमाजीभाऊ!”

“सोडा शेठ, छप्पर जाईल!”

“जाऊ द्या छप्पर!”

“अन् फुलं?”

भिमाजी ना बसलेला ना उभा, सोफ्याच्या वर वीतभर अंतरावर अडकला होता. एक जण खाली जाऊ पाहत होता, दुसरा त्याला वर ओढत होता.

“भिकनराव, हे लिहू नका,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्याकडे वळल्या. मग थांबल्या. “तुम्ही कुणाच्या जागेवर बसलाय? मी काय सांगितलं होतं गाडीत?”

“कुणाच्याच नाही, मॅडम.” भिकनराव दचकून म्हणाले. “देवडीत बसलोय.”

“कशात?”

“ही काय देवडी. आमच्या गावच्या वेशीत अशाच आहेत दोन, समोरासमोर. येणारा-जाणारा टेकतो तिथं. वेशीत बसायला कुणाची परवानगी लागते?”

झेबा कोनाड्याजवळ गेली. तिनं समोरचा दुसरा कोनाडा पाहिला, मग पूर्वेचं दार, मग पश्चिमेचं. हा आराखडा तिनं स्वतः किती वेळा काढला होता, पण कागदावर तिनं प्रत्येक वेळी आधी लिहिलं होतं ‘दिवाणखाना’, आणि मग रेघा ओढल्या होत्या.

“अब्बू,” ती हळूच म्हणाली, “पेस्तनजींनी इथल्या गवंड्याला सांगितलं असणार, घर बांध, मधून रस्ता ठेव. मधून रस्ता असलेली इमारत त्या गवंड्यानं एकच पाहिली असेल. त्यानं वेस बांधली. भोवती बंगला बसवला.”

भिमाजीचे गुडघे अजून अर्धवट वाकलेले होते. “वेस असली तर पाडतात का?” त्यानं विचारलं.

“वेस कोण पाडतं?” मॅडम म्हणाल्या. त्या स्वतःशीच पडताळून पाहत होत्या. “वेशीला छप्पर असतं, भिंती असतात, दार असतं. तरी तो रस्ताच. वेस पाडता येत नाही. अडवता येत नाही. भिकनराव, मघाचं खोडा. लिहा, गावाची वेस.” मग त्यांनी झुंबराकडे, झोपाळ्याकडे आणि सितारानं आणलेल्या गुळाच्या ताटलीकडे पाहिलं, आणि प्रामाणिकपणे भर घातली, “राहती वेस.”

“आणि सोफा?” झेबानं विचारलं.

“वेशीत सोफा? समूळ काढा.”

शाहनवाजनं भिमाजीचे दंड सोडले. भिमाजी सरळ झाला. मग तो सावकाश चालत दुसऱ्या कोनाड्यापाशी गेला. ओट्यावरची धूळ त्यानं हातानं झाडली, ओटा एकदा थोपटून पाहिला, जसं नवं जनावर घेताना थोपटतात, आणि बसला. काही झालं नाही. पाठीला दगड गार लागला, तेवढंच.

“कसं हाय?” नवसाबाईनं दुरून विचारलं.

“गार हाय,” तो म्हणाला.

शाहनवाज समोरच्या कोनाड्यात, भिकनरावांशेजारी, अंग चोरून बसला. तो आता घरमालक म्हणून बसला होता की वाटसरू म्हणून, हे त्यालाही नीट कळलं नव्हतं. भिमाजीला चहा मात्र त्या दिवशी मिळाला नाही. दुसरा तोडा व्हायचा होता, आणि सहा माणसं सोफा उचलत होती. तो बंगल्यात आता ठेवता येईना, म्हणून शाहनवाजनं तो भिमाजीकडे पाठवला. तिथं तो अर्धा ओसरीवर आणि अर्धा झेंडूत बसला.

वेस झाल्याचे काही परिणाम पुढच्याच आठवड्यात दिसले. वेशीच्या एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला गावाबाहेर. त्यामुळे सितारा स्वयंपाक गावात करायची आणि ताटं वेशीबाहेर वाढायची. कुणाच्या तरी लग्नाचा फ्लेक्स पश्चिमेच्या दारावर लागला. माहेरची माणसं सासरी निघालेल्या मुलीला वेशीपर्यंत पोचवतात, तशी एक नवरी झोपाळ्याजवळ येऊन मनसोक्त रडून गेली. शाहनवाजनं सगळ्यांना सरबत दिलं. त्याला दुसरं काही नकोच होतं.

भिमाजी रोजच्यासारखा टेम्पो ढकलत आला. आता जाता-येता तो घटकाभर देवडीत टेकायचा, पण चहाचा योग काही येत नव्हता. कधी घाई, कधी दूध नासलेलं. एके दिवशी सकाळी तो टेकून गेला आणि बाजारातून दुपारी परतला. शाहनवाज देवडीत वाट पाहत होता.

“बसा,” तो म्हणाला.

“जाताना बसलो होतो,” भिमाजी सवयीनं म्हणाला आणि चालू लागला.

“बसला होतात,” शाहनवाज म्हणाला. “मी पाहिलं.”

भिमाजी थबकला. या वाक्याला असं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं, आणि त्यावर काय बोलायचं ते बापानं शिकवलं नव्हतं. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. मग तो समोरच्या देवडीत जाऊन बसला.

सितारानं चहा आणला, कपबशीत, काठोकाठ. विलायचीचा वास कमानीत कोंडला. एका हातात कप, एका हातात बशी धरावी लागली. भिमाजीनं चपला खाली ठेवल्या, ओट्याच्या कडेला, नीट जोडीनं. बशीत ओतून, फुंकून, तो सगळा चहा प्याला. मग उठून तो टेम्पो ढकलत घराकडे गेला.

नवसाबाई ओसरीत, सोफ्याच्या कोरड्या अर्ध्यावर बसून हार ओवत होती. तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, मग हातांकडे.

“अवं, चपला कुठं हायत?”

भिमाजीनंही पायांकडे पाहिलं.

“वेशीत ऱ्हायल्या,” तो म्हणाला.

“रस्त्यात टाकून आले? कुणीबी नेईल की!”

भिमाजी तिच्या शेजारी टेकला. सोफा मऊ होता, नको इतका.

“कोण नेतंय,” तो म्हणाला. “घरात हायत.”